परदेशात ठेवलेली गाडी आणि तीन आठवड्यांचा विमा

आम्ही ब्रिटन सोडून भारतात परत आलो तेव्हा घर विकलं, सामान वाटून टाकलं, गाडी मात्र राहिली. चंदेरी रंगाची टोयोटा यारिस, पेट्रोलवरची, २०१४ सालची. ती आता लेस्टरला माझ्या धाकट्या दिरांच्या दारात, त्यांच्या ड्राइव्हवेवर उभी असते. लेक लीड्सला असते, त्यामुळे वर्षातून दोन खेपा होतात आणि एकेक खेप तीन आठवड्यांची. तेवढ्यासाठी वर्षभराचा विमा भरणं परवडत नाही आणि बिनविम्याची गाडी तर अंगणाबाहेर काढायची सोय नाही. चार वर्षांत या तात्पुरत्या विम्याचं तंत्र मला नीट बसलं आहे. इंग्लंड, स्कॉटलंड किंवा वेल्समध्ये ज्यांनी अशी गाडी मागे ठेवली आहे, त्यांच्यासाठी ते इथे लिहिते आहे. उत्तर आयर्लंडचे काही नियम वेगळे आहेत, ते यात धरलेले नाहीत.

पहिल्या वर्षी माझ्याकडून काय चुकलं ते आधी सांगते, कारण सगळ्यांचं चुकतं ते तिथेच. मी एकवीस दिवसांची पॉलिसी घेतली, रोड टॅक्स भरला, गाडी वापरली, जागेवर लावली, किल्ली जाऊबाईंच्या हातात दिली आणि विमानात बसले. काही आठवड्यांनी भावोजींचा फोन आला. "वहिनी, गाडीला विमा नाही असं पत्र आलंय. आणि ते माझ्या नावावर आलंय." गाडी जागची हललीसुद्धा नव्हती. मला कळेना की उभ्या गाडीला विमा कशाला!

तर त्याचं असं आहे. तिथे विम्याचे दोन वेगवेगळे कायदेशीर नियम आहेत. पहिला सगळ्यांना माहीत असतो: १९८८ च्या रोड ट्रॅफिक अ‍ॅक्टप्रमाणे रस्त्यावर किंवा सार्वजनिक जागी गाडी चालवायची तर विमा हवाच. सापडलात तर ३०० पौंड दंड आणि लायसन्सवर शिक्षेचे ६ पॉइंट, आणि प्रकरण कोर्टात गेलं तर दंडाला वरची मर्यादा नाही, लायसन्सही जाऊ शकतं. दुसरा नियम २०११ पासून लागू झाला. गाडी चालवा किंवा चालवू नका, तिच्या नावावर सतत विमा असायला हवा, नाहीतर ती रस्त्यावर नाही असं सरकारला रीतसर कळवलेलं हवं. हे कळवण्याला तिथे सगळे 'सॉर्न' म्हणतात. विमाही नाही आणि सॉर्नही नाही, अशी गाडी संगणकावर आपोआप उठून दिसते. आधी सूचनेचं पत्र येतं, त्याकडे दुर्लक्ष केलं तर १०० पौंडांचा दंड, आणि तरीही काही केलं नाही तर जॅमर लावण्यापर्यंत किंवा कोर्टापर्यंत मजल जाते.

आमच्या बाबतीत झालं ते इतकंच की रोड टॅक्स भरला त्या क्षणी जुनं सॉर्न आपोआप संपलं, आणि एकविसाव्या दिवशी पॉलिसी संपल्यावर नवीन सॉर्न करायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. भावोजींनी त्याच संध्याकाळी ते केलं म्हणून दंड टळला. पण माझ्या आळसापायी त्यांच्या नावावर सरकारी पत्र यावं, याचं मला फार वाईट वाटलं. तेव्हापासून परतीच्या तिकिटाबरोबरच मी सॉर्नची तारीखही वहीत लिहून ठेवते.

आता गाडी कोणाच्या नावावर ठेवायची? तिथल्या लॉगबुकवर, म्हणजे व्ही-५-सी नावाच्या कागदावर, 'रजिस्टर्ड कीपर' असतो. कीपर म्हणजे मालक नव्हे. गाडी सांभाळण्याची आणि कर भरण्याची जबाबदारी ज्याची, तो कीपर. मालकी वेगळी, ती खरेदीच्या पावतीवरून ठरते. आम्ही देश सोडताना भावोजींना कीपर केलं, कारण गाडी त्यांच्या दारात आहे आणि पत्रं त्यांच्याकडेच यायला हवीत. रिकाम्या किंवा विकलेल्या घराच्या पत्त्यावर लॉगबुक ठेवलं तर सूचनेचं पत्र कोणाच्याच हाती लागत नाही आणि दंड वाढत जातो. पण एक लक्षात ठेवा, कीपर बदलला की रोड टॅक्सही पुढे जात नाही आणि सॉर्नही जात नाही. नव्या कीपरला दोन्हीपैकी एक नव्याने करावं लागतं. आणि ज्याला कीपर करणार त्याला हे सगळं समोर बसवून समजावून सांगा. तो तुमच्यावर उपकार करतो आहे, त्याला अंधारात ठेवू नये.

विमा घ्यायचे तीन मार्ग आहेत. गाडीवर घरच्या कोणाची वर्षाची पॉलिसी आधीच असेल, तर त्यात काही दिवसांसाठी आपलं नाव घालता येतं. बऱ्याच कंपन्या फोनवर हे करून देतात. हा मार्ग सोपा, पण अपघात झाला तर क्लेम त्यांच्या पॉलिसीवर येतो आणि त्यांचा वर्षानुवर्षांचा नो क्लेम बोनस धोक्यात येतो. दुसरा मार्ग वर्षाच्या पॉलिसीचा. वर्षातून सहा आठवडे वापरणाऱ्याला तो महाग पडतो, आणि परदेशात राहणाऱ्याला सहसा कोणी देतही नाही. काही जण यात पळवाट काढतात. तिथल्या नातेवाइकाला मुख्य चालक दाखवायचं आणि आपण जादा चालक म्हणून नाव घालायचं, प्रत्यक्षात गाडी फक्त आपणच वापरायची. हे करू नका. तिथे याला फसवणूक धरतात आणि क्लेमच्या वेळी कंपनी हात वर करते.

तिसरा मार्ग म्हणजे स्वतंत्र तात्पुरती पॉलिसी. ही एका तासापासून २८ दिवसांपर्यंत सहज मिळते, काही कंपन्या त्याहून जास्त दिवसांचीही देतात. ही आपल्या एकट्याच्या नावावर असते, त्यामुळे गाडीवर दुसऱ्या कोणाची वर्षाची पॉलिसी असलीच तर तिच्या बोनसला सहसा धक्का लागत नाही. दिवसाच्या हिशोबाने एक दिवसाची पॉलिसी सर्वात महाग, जास्त दिवस घेतले की दिवसाचा दर उतरतो. म्हणून "पाच दिवस घेऊ, लागलं तर वाढवू" असं मी करत नाही. तात्पुरती पॉलिसी बहुधा वाढवता येत नाही, नवीनच घ्यावी लागते, आणि दोन पॉलिसींच्या मध्ये तासाभराची फट पडली तर तेवढा वेळ गाडी बिनविम्याची. किमतीत १२ टक्के विमा कर धरलेला असतो, तो वेगळा शोधत बसू नका.

एक गैरसमज फार ऐकू येतो: "माझ्या दुसऱ्या गाडीच्या पॉलिसीत दुसऱ्यांच्या गाड्या चालवायची मुभा आहे, मग मला काय गरज?" ती मुभा असते तेव्हा बहुतेक वेळा फक्त समोरच्याच्या नुकसानीपुरती असते, स्वतःच्या मालकीच्या गाडीला लागू होत नाही, आणि ती दुसरी गाडी मुळात कोणाच्या तरी विम्याखाली असावी अशी अटही अनेकदा असते. सॉर्नवर उभ्या असलेल्या गाडीला तिचा उपयोग नाही.

फॉर्म भरताना मात्र घाई नको. मी भारतातून लॅपटॉपवर पहिल्यांदा तो भरायला बसले तेव्हा सातवा की आठवा प्रश्न होता: तुम्ही ब्रिटनचे रहिवासी आहात का? माझ्याकडे ब्रिटिश लायसन्स, त्यावर जुना ब्रिटिश पत्ता, गाडी ब्रिटिश, पैसे भरायचं कार्डही तिथल्या बँकेचं. बोट 'हो' वर गेलंच होतं. पण मी तिथे राहत नाही, हे सत्य आहे. लायसन्स कुठलं आणि राहणं कुठलं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर लोक बरोबर देतात आणि दुसऱ्याला चुकतात. २०१२ च्या ग्राहक विमा कायद्यानुसार विचारलेल्या प्रश्नाचं खरं उत्तर देण्याची वाजवी काळजी घेणं ही आपली जबाबदारी आहे. जाणूनबुजून खोटं लिहिलं तर कंपनी पॉलिसीच रद्दबातल धरू शकते. मग समोरच्या माणसाची भरपाई आपल्याकडून वसूल होऊ शकते, आणि विमा रद्द झाल्याची नोंद पुढच्या प्रत्येक फॉर्मवर सांगावी लागते.

मी तो फॉर्म तिथेच बंद केला. परदेशात राहणाऱ्यांना पॉलिसी देणारे शोधले, दोघांना फोन करून सरळ विचारलं: "मी भारतात राहते, भेटीला येणार, लायसन्स ब्रिटिश, गाडी लेस्टरला. चालेल का?" एकाने नाही म्हटलं. दुसऱ्याने हो म्हटलं, हप्ता थोडा जास्त सांगितला, आणि तो मी आनंदाने भरला. फोनवर बोलणं झाल्यावर तेच ईमेलवर लेखी मागून घेतलं. तुमच्याकडे फक्त भारतीय लायसन्स असेल तरी बिघडत नाही. भेटीला आलेल्या माणसाला देशात आल्यापासून बारा महिने भारतीय लायसन्सवर तिथे मोटार चालवता येते, आणि असं लायसन्स घेणाऱ्या विमा कंपन्याही आहेत. हप्ता वाढतो, एवढंच. वयाची अट बघा. वरची मर्यादा बऱ्याच ठिकाणी पंचाहत्तरच्या आसपास असते, त्यामुळे आईवडिलांसाठी घेत असाल तर आधी तीच ओळ शोधा. गाडीची किंमत, मागच्या काही वर्षांतले अपघात, दंड, हेही विचारतात. गाडी रात्री कुठे उभी असते या प्रश्नाला तिथला खरा पिनकोड द्यायचा, आपल्या जुन्या घराचा नाही.

आता पोहोचल्यावरचा क्रम. हा उलटसुलट केला की घोळ होतो.

सॉर्नवरची गाडी रस्त्यावर आणायला टॅक्स लागतो, टॅक्स भरायला चालू एमओटी लागते, म्हणजे गाडी रस्त्यावर चालायला लायक आहे अशी वार्षिक तपासणी. गाडी तीन वर्षांची झाली की ती दरवर्षी करावी लागते. पण उभ्या गाडीची एमओटी मधल्या काळात संपलेली असू शकते, आणि गाडी गॅरेजपर्यंत न्यायची तर रस्त्यावरूनच न्यावी लागते. यातून कायद्याने वाट दिली आहे: आधी वेळ ठरवून घेतलेल्या एमओटीसाठी सॉर्नवरची, बिनटॅक्सची गाडी गॅरेजपर्यंत चालवत नेता येते. मात्र विमा त्यालाही लागतोच. म्हणजे पहिला विमा, मग एमओटी, मग टॅक्स, आणि मग बाकीचं फिरणं. एमओटीला जाताना वाटेत दूध घ्यायला थांबू नका. सूट फक्त त्या प्रवासापुरती आहे, आणि सॉर्नवरची गाडी इतर कारणाने रस्त्यावर दिसली तर दंड २,५०० पौंडांपर्यंत जातो. एमओटी नसलेल्या गाडीला तुमची पॉलिसी चालते का, हेही अटींत वाचून घ्या. सगळ्याच चालवून घेत नाहीत.

गॅरेजची वेळ मी भारतातूनच घेते, पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशीची, सकाळी साडेदहाची. एमओटीची मोटारीसाठीची कमाल फी ५४.८५ पौंड आहे, दुरुस्ती निघाली तर तिचे पैसे वेगळे. आणि पॉलिसी विमान उतरण्याच्या वेळेपासून सुरू करत नाही. रात्रभर प्रवास करून आलेल्या माणसाने त्या दिवशी गाडी चालवूच नये. हीथ्रोहून लंडन आणि तिथून लेस्टरची आगगाडी घेतली की झालं.

वेळेचा एक खड्डा आहे. फॉर्मवरची वेळ ब्रिटनची असते. आपण भारतात बसून भरतो. तिथला उन्हाळा असेल तर आपण साडेचार तास पुढे, हिवाळा असेल तर साडेपाच. घड्याळं मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात. त्या दिवसांच्या आसपास जाणार असाल तर दोनदा तपासा. पॉलिसी सकाळी नऊला सुरू केली तर शेवटच्या दिवशी ती सकाळी नऊलाच संपते, रात्री बाराला नाही. परतीच्या दिवशी दुपारी गाडी हलवायची असेल तर सुरुवातीची वेळ तशी धरावी लागते.

दुसऱ्या दिवशी सकाळचं दृश्य मला आता पाठ झालं आहे. गाडीवरचं आच्छादन काढलं की काचेच्या खालच्या खाचेत ओली पानं साठलेली असतात, ती बोटांनी उपसून काढायची, नाहीतर पाणी आत उतरतं. बॅटरीला भावोजींनी लावून ठेवलेला छोटा चार्जर असतो, त्याचा हिरवा दिवा पेटलेला दिसला की निम्मी काळजी मिटते. टायरमध्ये हवा कमी झालेली असतेच. रबराची नक्षी किमान १.६ मिलिमीटर खोल हवी, हा कायदा आहे. हँडब्रेक सोडून गाडी इंचभर पुढे घेतली की मागच्या चाकातून 'टक्' असा आवाज येतो, कारण ब्रेक गंजाने चिकटलेले असतात. आता गाडी ठेवताना आम्ही हँडब्रेक ओढत नाही, गिअरमध्ये ठेवून चाकांखाली लाकडी ठोकळे लावतो. हे सगळं विम्याच्या लेखात का, असं वाटेल. पण जवळजवळ प्रत्येक पॉलिसीत गाडी चालवण्यालायक ठेवण्याची अट असते, आणि गुळगुळीत टायरवर अपघात झाला तर कंपनी तीच अट पुढे करते.

एमओटी पास झाली की गॅरेजच्या खुर्चीवर बसूनच मी टॅक्स भरते. त्यासाठी लॉगबुकवरचा अकरा आकडी क्रमांक लागतो. त्याचा फोटो फोनमध्ये असू द्या. इथे तारखांचा खरा फायदा घेता येतो. टॅक्स महिन्याच्या पहिल्या तारखेपासून धरतात आणि सॉर्न केल्यावर परतावा फक्त पूर्ण उरलेल्या महिन्यांचा मिळतो. म्हणजे २५ जुलै ते १४ ऑगस्ट गाडी वापरली तर दोन महिन्यांचा टॅक्स गेला, तेच ३ ते २३ ऑगस्ट वापरली तर एकाचाच. तिकीट काढताना मी हे बघते. वर्षाचा टॅक्स एकदम भरणं बरं, कारण सहा महिन्यांच्या किंवा मासिक हप्त्यावर जादा आकार लागतो आणि तो आकार परत मिळत नाही. परताव्याचा चेक कीपरच्या नावाने, लॉगबुकवरच्या पत्त्यावर येतो, तेव्हा भावोजींशी हिशोब आधीच ठरलेला असावा.

कागदी टॅक्सचा बिल्ला २०१४ मध्येच बंद झाला, काचेवर काही लावायचं नसतं. पोलिसांच्या गाडीतला कॅमेरा नंबरप्लेट वाचतो आणि विम्याच्या राष्ट्रीय नोंदीशी ताडून बघतो. ही नोंद मोटर इन्शुरर्स ब्युरोकडे असते आणि आपल्या गाडीची नोंद दिसते का, हे ऑनलाइन फुकट बघता येतं. ताजी तात्पुरती पॉलिसी तिथे लगेच उमटेलच असं नाही, म्हणून प्रमाणपत्र फोनमध्ये उतरवून ठेवा आणि एक प्रत छापून गाडीच्या कप्प्यात टाका. इंटरनेट नसलेल्या रस्त्यावर ईमेल उघडत नाही. नंबरप्लेटचं एखादं अक्षर चुकलं नाही ना, हे प्रमाणपत्र हाती आल्याबरोबर बघा. शून्य आणि ओ यांची गल्लत सहज होते, आणि मग विमा दुसऱ्याच गाडीचा.

पॉलिसीच्या अटींत मी चार ओळी आधी शोधते. 'एक्सेस' किती, म्हणजे अपघातात पहिले किती पौंड आपल्या खिशातून. तात्पुरत्या पॉलिसीत हा आकडा मोठा असतो. काच फुटली तर भरपाई आहे का. गाडी बंद पडली तर मदत आहे का, बहुधा नसते. आणि पैसे परत मिळतात का. छोटी पॉलिसी एकदा सुरू झाली की सहसा नाहीच. गाडी घेऊन फ्रान्सला जायचा बेत असेल तर युरोपातलं कव्हर वेगळं विचारा. २ ऑगस्ट २०२१ पासून युरोपीय संघात ग्रीन कार्ड, म्हणजे गाडीला परदेशात विमा असल्याचा पुरावा देणारा कागद, दाखवावं लागत नाही, पण म्हणून तुमची पॉलिसी तिथे आपोआप चालते असं नाही. पोलिसांनी जप्त केलेली गाडी सोडवायलाही या पॉलिसी बहुतेक चालत नाहीत.

आणि पॉलिसी एका माणसाची असते. मागच्या खेपेला लेक म्हणाली, "आई, दमलीस तू, परत येताना मी चालवते." तिच्याकडे लायसन्स आहे, गाडी तिच्याच सवयीची आहे, पण पॉलिसीवर नाव माझं. मी चहाच्या थांब्यावर तिच्या फोनवरून तिच्या नावाची काही तासांची वेगळी पॉलिसी घेतली, गाडी माझी आहे आणि माझी परवानगी आहे हे त्यात लिहिलं, प्रमाणपत्र येईपर्यंत थांबलो आणि मगच तिने चावी घेतली.

उरलेले दहा महिने गाडी नुसती उभी असते, तेव्हा चोरी किंवा आग लागली तर? सॉर्नमुळे कायद्यातून सुटका होते, नुकसानीतून नाही. उभ्या गाडीसाठी फक्त चोरी आणि आगीचा वेगळा विमा मिळतो. यारिसची किंमत आता फार नाही, म्हणून आम्ही तो घेत नाही. गाडी नवी असती तर नक्की घेतला असता. तुमचा जुना नो क्लेम बोनस असेल तर तो साधारण दोन वर्षं वापरला नाही की कंपन्या मानत नाहीत, आणि तात्पुरत्या पॉलिसीवर नवा बोनस जमत नाही. परत तिथे राहायला जाण्याचा विचार असेल तर हे हिशोबात धरा.

निघायच्या दिवशी पॉलिसी संपायच्या तासभर आधी गाडी पूर्णपणे ड्राइव्हवेच्या आत असली पाहिजे, मागचा बंपरसुद्धा फुटपाथवर यायला नको. मग मी आणि भावोजी स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसतो. लॉगबुक ते बाहेर काढतात, अकरा आकडे मोठ्याने वाचतात, मी टाइप करते. अकरा आकडी क्रमांकाने केलेलं सॉर्न त्याच दिवसापासून लागू होतं. टॅक्सच्या स्मरणपत्रावरचा सोळा आकडी क्रमांक वापरला तर ते पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून धरलं जातं, आणि मधल्या दिवसांत पुन्हा तीच पत्राची भानगड. नोंद झाल्याचा ईमेल दोघांच्याही फोनवर आला की मग बॅटरीचा चार्जर लावायचा, आच्छादन घालायचं, आणि लॉगबुक परत त्यांच्या कपाटातल्या निळ्या फाइलमध्ये.